देवी येते, असं तू म्हणालीस

माय, तुला जाऊन तीस वर्षं होत आली, पण अकोल्याच्या शाळेतली ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मी चौथीत होते. आदल्या दिवशी वर्गात मला मिरगी आली, बाकाचा कोपरा लागून भुवई फुटली, कुणीतरी नाकाला चप्पल लावली, आणि हेडमास्तरांनी तुला बोलावणं धाडलं. तू धुतलेलं लुगडं नेसून दारातच उभी राहिलीस. मागणं एवढंच, की पोरीला बाकावर नको, भिंतीशी सतरंजीवर बसवा, झटका आला तर कुशीवर निजवा, चप्पल लावू नका, मग घटकाभर झोपू द्या. मास्तर नकाराची मान हलवतच राहिले.

"बाकीचे पोरं भेतात, बाई. घरीच ठेवा तिले."

आता माझं नाव हजेरीतून जाणार, हे मला कळलं. मी तुझा पदर घट्ट धरला.

"मिरगी नाही, गुरुजी," तू एकदम म्हणालीस. "देवी येते तिच्या अंगात. काढा नाव. मंग काही झालं तं मले बोलू नका."

मास्तरांचा चेहराच उतरला. मला भिंतीशी जागा मिळाली.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव तूच मोर्णा नदीत सोडले होतेस. शाळेतून परतताना वाटेत मी रडकुंडीला येऊन विचारलं, "माय, आपण तं देव सोडले ना?"

"आपण सोडले. त्यायनं कुठी सोडले?" एवढं बोललीस आणि झपाझप चालू लागलीस.

त्यानंतर माझा जीव सदा टांगणीला. झटका येईल ही भीती होतीच, आता खोटं उघडं पडेल ही दुसरी. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या तू दार लोटून द्यायचीस. बुद्धवंदनेनंतर बावीस प्रतिज्ञा म्हणताना देव मानणार नाही या ओळीला तुझे ओठ मिटायचे, आणि मला तुझा राग यायचा. नोकरी लागल्यावर तो मी तुझ्यावर काढलाही, खरं बोलून भांडायचं होतंस म्हणाले. खरं बोलून तू आधी भांडलीच होतीस, हे ध्यानात यायला तुला जावं लागलं.

हे पत्र कुठल्याच टपालात पडणार नाही, म्हणून लिहिते. हेडमास्तरांची बायको, आपल्याला वरून ओंजळीत पाणी घालणारी, एकदा शाळेत येऊन देवी समजून माझ्या पाया पडायला वाकली होती. मी पाय मागे घेतले, असं मी तुला सांगितलं. घेतले नव्हते, माय. उलट पुढे केले होते.