शिट्टी वाजेपर्यंत

१९ ऑक्टोबर, रविवार
जिंकलो! तीन पॉइंटांनी का होईना. सकाळपासून कालच्या मॅचची फिल्म बघतोय. अमेरिकन फुटबॉलमधली माझी पाच धुडं — चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे भिंत होऊन उभी राहणारी, चेंडूला कधीच हात न लावणारी. प्रत्येकाला प्रत्येक प्लेला, म्हणजे चालीला, माझ्याकडून अधिक नाहीतर उणे. चेंडू हलल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत. पुढचं फिल्ममध्ये नसतंच, कापलेलं असतं.
इलायजा टर्नर एकोणनव्वद टक्के! सगळ्यांत वर. या आठवड्याचा भिंतीवरचा फोटो त्याचा.
एक गोष्ट लिहायची राहिली. राहू दे.

२२ ऑक्टोबर
लिहूनच टाकतो. मराठी इथे कुणाच्या बापाला वाचता येत नाही.
तिसऱ्या क्वार्टरला टाइमआउटमध्ये इलायजा जवळ आला. "कोच, आपण कुठल्या बाजूला जातोय?" बघत माझ्याकडे होता, पण नजर कुठेच ठरत नव्हती. डोक्याला मार लागलाय हे मला तिथेच कळलं. बावीस वर्षं हेच करतोय, न कळायला काय झालं! नियम साधा — दुखापती बघणाऱ्या ट्रेनरला हाक मारायची, पोरगा बाहेर. पण चार पॉइंटांनी मागे होतो. आणि त्याच्या जागी पाठवायला पहिल्या वर्षाचं कच्चं पोर. मी बोट दाखवलं. "तिकडे. जा."
तो गेला. आणखी एकतीस प्ले खेळला.

२३ ऑक्टोबर
इलायजा सरावाला हजर. हसला. ठीक असेल.

५ नोव्हेंबर
ठीक नाही. काल सरावात साधी धडक बसली आणि गुडघ्यांवर बसून ओकला. उजेड सोसत नाही. दोन ओळी वाचल्या की डोकं धरतो. डॉक्टर म्हणाले, फुटबॉल संपला. वीस वर्षांचा आहे.

९ नोव्हेंबर
ईडन प्रेरीहून बायकोचा, हिमानीचा फोन. "काल अनयाची कॉन्सर्ट होती. लिंक पाठवली होती तुला." विसरलो! लेकीने फोन घेतला — "इट्स फाइन, बाबा. यू हॅड अ गेम." रागावली असती तर बरं वाटलं असतं.
सहा कॉलेजं, सहा गावं. चौथ्या गावानंतर दोघींनी सामान बांधायचं सोडलं आणि तिथेच राहिल्या. बरोबर केलं त्यांनी.

१८ नोव्हेंबर
कॉलेजची चौकशी. टेबलापलीकडे एक शांत बाई. "खेळाडू तुम्हाला काही बोलला होता?"
"नाही."
संध्याकाळी इलायजाच्या खोलीवर गेलो. पडदे ओढलेले. त्याची आई जॉर्जियाहून आलीये, तिथे शाळेची बस चालवते. म्हणाली, "सगळ्यांपासून लपवलं याने, कोच. मला माफ करा." माफी! माझी!
इलायजा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "ती मॅच मला आठवतच नाही, कोच."
म्हणजे आता हे जगात फक्त मला माहीत आहे. पहिल्यांदा काय वाटलं? सुटलो असं वाटलं. लिहिताना लाज वाटतेय.

३ डिसेंबर
मोठ्या युनिव्हर्सिटीतून बोलावणं! नुसती पाच जणांची लाइन नाही, अख्खा ऑफेन्स, सगळी चढाई माझ्या हातात. बावीस वर्षं याच फोनची वाट बघितली. आईला कळवलं. "म्हणजे प्रमोशनच ना रे?" मंडळात ती अजून सांगते, आमचा नकुल स्पोर्ट्स सायन्समध्ये आहे.
दुपारी चौकशीचा अहवाल आला. 'खेळाडूने त्रास लपवला.' खाली माझ्या सहीची जागा. शुक्रवारपर्यंत.

४ डिसेंबर
हिमानीला सगळं सांगितलं.
"सही केलीस?"
"अजून नाही."
"मग मला कशाला विचारतोयस यार? तुला माहितीये ना."
माहीत आहे. ऑक्टोबरपासून माहीत आहे.

५ डिसेंबर
सही नाही केली. त्या बाईंना सांगितलं — त्याने विचारलं होतं, मला कळलं होतं, तरी मी बोट दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं. एकदा वर बघितलं, बस.
हेडकोच म्हणाला, सोमवारी दुपारपर्यंत ऑफिस रिकामं कर. मोठ्या युनिव्हर्सिटीचा फोन काही आता परत यायचा नाही. यायला नकोच.
आठवड्याच्या आत सांगितलं असतं तर ती दुसरी धडक बसली नसती.

९ डिसेंबर
इलायजाच्या आईचा फोन. शिव्या खायची तयारी ठेवून उचलला. पण ती रडत होती.
"तीन आठवडे मी माझ्या पोराला खोटारडा म्हणतेय, कोच. आणि तो रोज मला सॉरी म्हणत होता."