विमा उतरवला, गाडी उतरेना

३ जानेवारी १९८५, महाड
ठरलं. गाडी घ्यायची.
ललिता पहिलटकरीण. सासर पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटात, रस्त्याकाठच्या वाडीवर. सातव्या महिन्यात पोरीला माहेरी आणायचं, ते काय एसटीत हिंदकळत? मुळीच नाही. बाप स्वतःच्या गाडीतून आणील. तिला तसा शब्द देऊन बसलोय.
मंजुळेला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुम्ही एसटीतसुद्धा घाट लागला की डोळे मिटून घेता.
मी डोळे मिटतो ते धुळीमुळे. बायकोला एवढ्या वर्षांत एवढंही कळू नये!

१० जानेवारी
गाडी कोणती? लोक रंग बघतात, हॉर्न वाजवून बघतात. मी विमा बघणार. लॉजिक सोपं आहे. विमेवाले काही खुळे नाहीत. ज्या गाडीची त्यांना भीती कमी, तिचा हप्ता कमी. मग मला तरी तिची भीती का वाटावी?
(भीती हा शब्द चुकून आला. काळजी म्हणायचं होतं.)
विम्याचा एजंट मुरारी आमच्या कोर्टासमोरच बसतो. त्याच्या मते इंजिन लहान तर हप्ता लहान. अँबॅसिडर बाद. फियाट विचाराधीन.

१८ जानेवारी
दुपारी जेवून जरा पडलो तर स्वप्न. फियाट दरीत. मी आत. टोपी वर रस्त्यावर. बनियन घामाने भिजलं.
फियाटही बाद. स्वप्नाचा संबंध नाही. इंजिन मोठं आहे.

२ फेब्रुवारी
सापडली! पोलादपूरच्या एका डॉक्टरांची जुनी हेराल्ड. इंजिन इतकं बारीक की मुरारीसुद्धा हसला. दारं दोनच. म्हणजे पडायला जागाही दोनच.
गाडी दारात आली. शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, भाऊ, दृष्ट उतरवा हो गाडीची. मी म्हटलं, विमा उतरवतोय. त्यांना वाटलं एकच. मान डोलावून गेल्या.

५ फेब्रुवारी
आज विमा उतरवला. मुरारी म्हणाला, फर्स्ट पार्टी महाग, थर्ड पार्टी स्वस्त. पुढे काही समजावू लागला, मी थांबवलं. म्हटलं, बाबा रे, माझी हयात कोर्टात गेली. उठता-बसता पार्ट्यांचे पुकारे ऐकतो. पार्टी म्हणजे काय ते तू मला शिकवू नकोस.
उघड आहे. गाडीत पहिली पार्टी मी, दुसरी मंजुळा, तिसरी ललिता. आम्हा म्हाताऱ्यांचं काय घेऊन बसलात, पोर सुखरूप पाहिजे. थर्ड पार्टीच घेतली. आणि तीच स्वस्त! चांगल्या विचाराला असं फळ मिळतं.
आज जेवण गोड लागलं.

१२ फेब्रुवारी
ड्रायव्हिंग सुरू. गुरू भागोजी, एसटीतून रिटायर. औद्योगिक वसाहतीचे रस्ते रुंद, संध्याकाळी पाळी सुटेपर्यंत रिकामे. भागोजी म्हणाला, साहेब, स्टेअरिंग हाय त्ये, सोडलंत तर पळून जानार नाय. जरा ढिलं धरा.
मी घट्ट धरतो ते पकड सुधारावी म्हणून. बोटं अजून उलगडत नाहीत. ही नोंद पेन्सिल मुठीत धरून लिहितोय.

१३ फेब्रुवारी
पाळी सुटली. मोटरसायकलींचा लोंढा समोरून. मी गाडी बंद केली आणि खाली उतरून उभा राहिलो. रस्त्याच्या मधोमध. सगळे दोन्ही बाजूंनी शिव्या देत गेले.
भागोजी म्हणतो, असं कोन करत नाय. असेल. पण कोणाला लागलं का?

६ मार्च
लायसन मिळालं! गाडी पुढे नेता येते आणि थांबवता येते. मागे नेण्याचा प्रश्नच आला नाही. माणसाने पुढेच जावं.
भागोजीला म्हटलं, घाटात सोबत चल. तो म्हणाला, साहेब, माजा विमा कुटं उतरवलाय?
भित्री माणसं. जाऊ दे. आम्ही दोघं जाऊ.

१० मार्च, वाडीवर, संध्याकाळ
पोचलो.
पेन्सिल पुन्हा मुठीत. अक्षर समजून घ्यावं.
पोलादपूरपर्यंत मी राजा होतो. मग चढ. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी डोंगराला इतका चिकटून चाललो की मंजुळेच्या खिडकीत करवंदीच्या फांद्या आल्या. एका वळणावर समोर एसटी. ड्रायव्हर हाताने खुणावतोय, मागे घ्या. मागे! मी ब्रेक दाबून बसलो. पाय काढवेना. कंडक्टर उतरून आला, म्हणाला, काका, काय झालं, बरं वाटत नाय का? मी मान हलवली. शेवटी एवढी मोठी एसटी मागे गेली, कंडक्टरच्या शिट्टीवर. खिडक्यांतून सगळे मला बघत होते.
घाबरलो. फार घाबरलो. आई आठवली.

११ मार्च, सकाळ
काल शेवटी जे लिहिलं ते पित्त झाल्यामुळे. आज गाडी खाली न्यायची. उतार आहे, म्हणजे इंजिनला काम कमी. सोपं.

११ मार्च, दुपार
चहाला बसलो होतो. जावई गणपतराव शाळामास्तर. त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं, काळजी नसावी, ललिताचा थर्ड पार्टी उतरवलाय. ते कप खाली ठेवून हळूच म्हणाले, बाबा, थर्ड पार्टी म्हणजे आपण ज्याला ठोकू तो.
म्हणजे माझ्या गाडीखाली जो येईल त्याची सोय आहे. वाटेतल्या म्हशीची सोय आहे. माझ्या पोरीची नाही.
तरी उठलो. शब्द दिला होता. ललिता शेजारी बसली, एक हात पोटावर ठेवून. मंजुळा मागे. किल्लीला हात लावला. किल्ली फिरेना.
किल्ली ठीक होती.
समोर रस्ता खाली जात होता आणि वळणावर नाहीसा होत होता. विहीणबाई, सोनाबाई, अंगणातून बघत होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, व्याही, भ्या वाटतंय तं तसं सांगा की. लाज कसली त्यात? येस्टी हाय ना!
एसटी आली. तिघं चढलो. ड्रायव्हर कालचाच. म्हणाला, काका, गाडी कुटाय?

२८ मार्च, महाड
गाडी वाडीवरच. भागोजी आणायला तयार झाला, आता म्हणे खाली आणायची तर आणू, विम्याचं बघू मागाहून. पण सोनाबाईंचा निरोप आला, मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलीये, पिल्लं निघेपर्यंत हात लावू देणार नाही.
दृष्ट उतरवायला हवी होती. विमा उतरवला, गाडी उतरेना.

१९ मे
मुलगी झाली! दोघी सुखरूप. नाक माझं आहे. देव करो, बाकीचं तिच्या आईचं असो.
मुरारी पेढे खायला आला. म्हणाला, भाऊसाहेब, गाडी अशीच उभी राहिली तर क्लेम नाही, पुढल्या हप्त्यात सूट मिळेल. तालुक्यात स्वस्तात स्वस्त विम्याची गाडी तुमचीच.
म्हणजे निवड चुकली नव्हती.

२ जून
ललिता आतल्या खोलीत आईला सांगत होती. ऐकायचं नव्हतं, कानावर पडलं. म्हणाली, आई, त्या दिवशी घाटात मी इतकी घाबरले होते गो, बाबांनी खालपर्यंत माझा हात धरून ठेवला म्हणून निभावलं.
मंजुळा हो म्हणाली. तीही मागच्याच बाकावर होती. तिने सगळं पाहिलं होतं.
कोणी कोणाचा हात धरला होता, ते इथे लिहायचं कारण नाही.
बाळ मोठं झालं की दोघींना सासरी पोचवायचं. मीच जाणार. एसटीने. खिडकीशी ललिता, तिच्या मांडीवर बाळ, मी आतल्या बाजूला.
डोळे उघडे ठेवणार आहे. धूळ नसली तर.