खालच्या कुरणातला भराव

मंगळवार, ३ मार्च

सकाळी पाऊस. कोंबड्यांना दाणे घातले. फिंटनला जाऊन महिना झाला म्हणून रविवारी प्रार्थना झाली, तेव्हाचे उरलेले सँडविच आज कुत्र्याला दिले. अकराला काउंटी कार्यालयाची गाडी आली. देव्हनी नावाची बाई, आमच्या लेकीच्या, ग्रोन्याच्या वयाची. बूट बाहेर काढून आत आली.

"खालचं कुरण तुमच्या नावावर ना, मिसेस फीनी?"

फिंटनच्या, म्हणाले. मग म्हणाले — माझ्या. पहिल्यांदाच बोलले तसं.

कुरणाखालच्या ओढ्याचं पाणी दुधासारखं पांढरं झालंय म्हणून तक्रार गेली होती. उद्या तिथे जेसीबी लावून खणणार. मी म्हटलं, खणा की, दोन ट्रॉल्या डबर आहे फक्त. आणि सगळं सांगितलं, कौतुकाने. अंत्ययात्रेआधी फिंटनला घरी ठेवलं होतं ते दोन दिवस. तीनशे माणूस येऊन गेलं. कुरण म्हणजे चिखलाची नुसती लापशी, गाड्या उभ्या करायच्या कुठे? शेजारचा मॅलकी स्वयंपाकघराच्या दारात आला, टोपी हातात. "अट्रॅक्टा, फाटकापाशी दोन ट्रॉल्या डबर टाकू का? नाहीतर फादरची गाडीच ट्रॅक्टरने ओढत बसायला लागेल." मी म्हटलं, टाक. अशा वेळी इथे कोणी नाही म्हणत नाही.

देव्हनीबाईंनी पेन थांबवलं. "तुम्ही हो म्हणालात?"

हो म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं.

बुधवार, ४ मार्च

फिंटनचे गमबूट घालून खाली गेले. महिनाभरात पहिल्यांदा. खरं तर गेल्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. तो आजारी पडल्यापासून कुरण मॅलकीला गुरांसाठी दिलेलं, असंच, भाडं न घेता. कुरणाचं फाटक मागच्या रस्त्याला. माझं काही काम पडत नसे.

खड्डा माणूसभर खोल, तरी माती लागली नव्हती. न्हाणीघराच्या फरश्या, वायरी, भिंतीत भरतात तो पिवळा कापूस, अख्खं एक कमोड. एक दार, त्यावर पितळी १४. आणि करड्या पत्र्यांचे तुकडे. त्यांच्याभोवती पिवळी पट्टी बांधून ठेवलेली. जेसीबीवाला तोंडाला फडकं बांधून बसला होता. म्हणाला, "मागे सरका, मॅडम. हे अ‍ॅस्बेस्टॉस आहे."

सहा वेळा असे खड्डे घेतले. सहाही ठिकाणी तेच.

जेसीबीच्या पायरीवर बसले. चौतीस वर्षांपूर्वी याच कुरणात आम्ही पहिली गाय सोडली होती.

गुरुवार, ५ मार्च

पत्र आलं. सोबत छापील कागद, शिक्षांचा. मी पोस्टाच्या खिडकीवर सत्तावीस वर्षं काढली, सरकारी कागद मला वाचता येतो. तरी तीनदा वाचला. कचरा टाकणारा जसा गुन्हेगार, तसा आपल्या जमिनीत टाकू देणाराही. खालच्या कोर्टात पाच हजार युरो दंड, किंवा वर्षभर कैद, किंवा दोन्ही. वरच्या कोर्टात गेलं तर दीड कोटी युरोपर्यंत, आणि दहा वर्षं. शिवाय सगळं उपसून न्यायचा खर्च जमीनमालकाकडून घेता येतो.

दहा वर्षं! मी एकाहत्तरची आहे.

सोबत एक फॉर्म. हा माल कोणी आणला, कधीपासून, तुमच्या परवानगीने की कसं. तीन आठवड्यांत भरून द्या. खोटी माहिती दिली तर तोही गुन्हा.

जमिनीचे कागद शोधायला पुढच्या खोलीत गेले. तिथेच फिंटनचा पलंग होता. पडदा अजून ओढलेलाच आहे, उघडायला हात होत नाही. टेबलावर नर्सने रोजच्या नोंदींसाठी दिलेली वही, औषधाच्या बाटल्या, चष्मा. कागद सापडले. लगेच बाहेर आले.

शुक्रवार, ६ मार्च

मॅलकी आला. मागच्या दाराने, नेहमीसारखा. हातात अंड्याचा खोका — माझ्याकडे कोंबड्या असताना.

मी फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. त्याने नीट वाचला, चहात बिस्कीट बुडवलं, ते पडलं.

"या कार्यालयातल्या पोरींना उद्योग नाही. डब्लिनमध्ये डोंगर साठलेत कचऱ्याचे, आणि यांना तुझं कुरण दिसलं."

मी विचारलं, दोन ट्रॉल्या म्हणाला होतास ना?

"दोन, चार. मोजत कोण बसलं होतं त्या दिवशी? तू मोजत होतीस?"

तिथे कमोड आहे, मॅलकी.

तो हसला. "मग काय, आलेल्या लोकांची सोय झाली असती." माझं तोंड बघून कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, त्याचा जावई गावात जुन्या घरांची रांग पाडतोय, त्यातलाच माल. आता बोलू नकोस. फॉर्मवर लिही, रात्री कोणी तरी टाकून गेलं, मला माहीत नाही. "विधवा बाईला तुरुंगात घालायला इथे कोणाची छाती आहे? माझं मात्र लॉऱ्यांचं लायसन जाईल. जावयाचं तर सगळंच. तीन लेकरं आहेत त्याला."

मी कप उचलले.

दारात वळून म्हणाला, "आणि 'हो' तूच म्हणालीस, अट्रॅक्टा. चारचौघांत."

खरं आहे ते. पण फिंटनच्या खांदेकऱ्यांत पुढे डावीकडे हाच होता. आणि सप्टेंबरपासून दर गुरुवारी दुपारी दोनला येऊन त्याच्यापाशी बसायचा. "जा, तुझी बाजारहाट करून ये, घाई करू नकोस. मी आहे." पाच महिने, एक गुरुवार चुकवला नाही. पेपरातले निधनाचे कॉलम वाचून दाखवायचा, दोघं हसायचे. ते दोन तास नसते तर मी उभी राहू शकले नसते.

त्याचं नाव कसं लिहू?

रविवार, ८ मार्च

चर्चमध्ये मॅलकी पुढच्या बाकावर. प्रार्थनेत एकमेकांना 'शांती' म्हणायची वेळ आली तेव्हा त्याने हात पुढे केला. मी हातात हात दिला.

संध्याकाळी ग्रोन्याचा फोन, पर्थहून. सगळं सांगितलं.

"मम्मी, नाव लिहून टाक त्याचं."

बाबांना खांदा दिलाय त्याने.

"आणि तुझ्या जमिनीत विष भरलंय. दोन्ही खरं असू शकतं ना?"

तिकडे बसून सोपं आहे, म्हणाले. नको होतं म्हणायला. ती रडली. मग मला म्हणाली, जेव नीट.

सोमवार, ९ मार्च

फॉर्म भरला. 'माल कोणी आणला' इथे लिहिलं: माहीत नाही. पाकीट बंद केलं. तिकीट लावलं नाही.

मंगळवार, १० मार्च

दुपारी देव्हनीबाईंचा फोन. आवाज मवाळ होता. म्हणाल्या, वरून काढलेले फोटो आलेत. अंत्ययात्रेच्या आधीच कुरणाचा अर्धा भाग भरलेला दिसतोय. ऑक्टोबरच्या फोटोत सुरुवात, डिसेंबरच्यात जवळजवळ सगळा भराव. तुमच्या त्या दोन ट्रॉल्या म्हणजे वरचा थर.

मी म्हटलं, शक्य नाही.

"साठेक लॉऱ्या असतील, मिसेस फीनी. तेव्हा घरी कोण होतं?"

आम्ही दोघं. पूर्णवेळ.

"आणि एकही लॉरी दिसली नाही? ऐकू आली नाही?"

नाही म्हणाले. मी घर सोडून जातच नव्हते. फक्त गुरुवारी दुपारी, दोन तास —

पुढे त्या काय बोलल्या ते आठवत नाही. फोन ठेवला. गॅसवर बटाटे होते, ते लागले. भांडं अजून भिजतंय.

फिंटनच्या खोलीतून खालचं कुरण दिसतं. सगळ्या घरात फक्त त्या एका खिडकीतून दिसतं.

शेवटी त्याला भास व्हायचे. नर्स म्हणाली होती, औषधाने होतं.

गुरुवार, १२ मार्च

आज खोलीत गेले. नर्सची वही उघडली. सगळं माझ्याच अक्षरात.

६ नोव्हेंबर, गुरुवार. खाली लॉरी आली म्हणतो. समजावलं, नाही आली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. पुन्हा लॉरी. मॅलकी म्हणाला, मी इथेच होतो, काही नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार. चिडला. "मी भ्रमिष्ट झालेलो नाही, अट्रॅक्टा." नर्सने डोस वाढवला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. मॅलकीच्या सांगण्यावरून पडदा ओढून ठेवला. शांत होता.

४ डिसेंबर, गुरुवार. आता काही बोलत नाही.

पाकीट फोडलं. 'माहीत नाही' खोडून त्यावर नाव लिहिलं, तारखा लिहिल्या. वही आत घातली. पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

घरी आल्यावर स्टुलावर चढून पडदा काढला. धुतला, पिळला, मागे दोरीवर वाळत घातला.