स्वेटरच्या बाहीवरून

प्रिय आत्या,

हे पत्र तुझ्या हातात द्यायची हिंमत मला होणार नाही, तरी लिहितेय. दवाखान्यात मला सगळे सिस्टर म्हणतात. तू मात्र 'आमची शिकलेली पोर' म्हणतेस, आणि हल्ली ते ऐकलं की मान खाली जाते.

बीपी कसं मोजायचं, याचंच तीन दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलंय. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, बाही वर करा, बोलू देऊ नका. परीक्षेत पहिली आले. पण खरं सांगू? गेले होते बढतीसाठी. सर्टिफिकेट भिंतीवर टांगलं आणि शिकलेलंही तिथंच टांगून ठेवलं.

त्या दिवशी तू जिना चढून धापा टाकत आलीस. बाहेर रांग होती. मी स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, वर तुझ्या सुनेची चौकशी केली. तू बोलत राहिलीस, आकडा चढत गेला. तो बघून डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. आठव्या दिवशी चक्कर येऊन तू बाथरूममध्ये पडलीस, खुब्याचं हाड मोडलं. वर म्हणालीस, "मीच मेली वेंधळी!"

काल वॉर्डात तुझी बाही वर केली, पाच मिनिटं गप्प पडू दिलं, मग मोजलं. एकशेवीस-ऐंशी. तू शेजारच्या बाईंना म्हणालीस, "बघा, हिच्यामुळे वेळेवर कळलं. गोळ्यांनी कसं ताळ्यावर आलं!"

आत्या, तू पडलीस त्या दिवसापासून त्या गोळ्या बंद आहेत.

हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "उशी नीट करू का?"

तुझीच,
शिकून आलेली पोर