मी नोकरीत असताना गेले तर

मी, डॉ. गौतमी राजाभाऊ वाहुळे, वय चौतीस, अविवाहित, मूळ परभणीची, सध्या राहणार हेन्डरसन, ऑकलंड, न्यूझीलंड, कोणीही भरीस न घालता माझी ही शेवटची इच्छा लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मन थकलेले आहे, परंतु थकव्याने मृत्युपत्र रद्द होत नाही असे वकीलबाईंनी सांगितले आहे. मला कोणताही गंभीर आजार नाही. परभणीला हे वाचताना कोणी तसा अर्थ काढू नये. घरच्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागू नये म्हणून मराठीत लिहिले आहे. इंग्रजी भाषांतर सोबत जोडले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी मैत्रीण अनुराधा शिरसाट, राहणार वेलिंग्टन, हिने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. ती सरकारी खात्यात आहे आणि कोणी फोनवर रडले तरी कागद आधी वाचते. मला तशीच व्यक्ती हवी होती.

२. माझे घर भाड्याचे आहे. गाडी विकून शेवटचे भाडे आणि अंत्यविधीचा खर्च भागवावा. माझा देह परभणीला नेऊ नये. त्रिशरण-पंचशील म्हणून इथेच दहन करावे. स्टेथोस्कोप माझ्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे द्यावा. त्यांचा सतत हरवतो.

३. किवीसेव्हरमध्ये, म्हणजे पगारातून कापून साठवलेल्या निवृत्तीच्या पुंजीत, जे असेल ते माझे वडील राजाभाऊ आणि धाकटा भाऊ मैत्रेय यांना अर्धे-अर्धे द्यावे. आई हयात नाही. या कलमावरून कोणी भांडेल असे वाटत नाही. पुढच्या कलमावरून भांडतील.

४. मी हेन्डरसनच्या ज्या दवाखान्यात फॅमिली डॉक्टर आहे, तिथे पगारी डॉक्टर नोकरीत असताना मरण पावला तर त्याच्या माणसांना तीन वर्षांच्या पगाराइतकी रक्कम मिळते. ही सर्व रक्कम माझी आत्या, कलावती तुकाराम वाहुळे, राहणार परभणी, हिला मिळावी.

हे का, ते लिहिणे भाग आहे.

आमच्या दवाखान्यात डॉ. दीनानाथ देवस्थळी बारा वर्षे होते. शेवटची दोन वर्षे त्यांनी पगार सोडून कंत्राट घेतले होते, शुक्रवारी सुट्टी मिळावी म्हणून. एप्रिलमध्ये ते गेले. त्यांच्या पत्नी सुचित्रावहिनी या रकमेचे विचारायला आल्या. मॅनेजर मृदू आवाजात म्हणाला, की कंत्राटी डॉक्टर या योजनेत बसत नाहीत. वहिनी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "खुर्ची तीच होती ना गं? पेशंट तेच होते ना?" मी त्यांना दारापर्यंत सोडून आले. बाहेर माझे पेशंट थांबले होते.

त्याच महिन्यात मीसुद्धा कंत्राट मागणार होते. पंधरा मिनिटांत एक माणूस, दिवसभर, आणि घरी आल्यावर अहवाल. तपासून झाल्यावर कोणी "स्वीट ॲज, डॉक", म्हणजे एकदम झकास, असे म्हणून हसत गेला की पूर्वी बरे वाटायचे. आता मी पुढचे नाव बघते. डॉक्टर झाल्यावर लोकांसाठी काय काय करायचे हे मी अकरावीत वहीभर लिहिले होते. त्यातले काही खोटे नव्हते. फक्त दमते. वहिनी येऊन गेल्यावर मी कंत्राटाचा अर्ज केला नाही आणि योजनेचे नियम वाचले. वारसाच्या रकान्यात जोडीदार, मुले, आई-वडील एवढेच होते. मॅनेजर म्हणाला, आत्या बसत नाही. रकाना मोकळा ठेवला तर रक्कम माझ्या मालमत्तेत येईल आणि मृत्युपत्र सांगेल तिकडे जाईल. म्हणून हे मृत्युपत्र.

५. माझे आजोबा तुकाराम नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. नोकरीत असतानाच वारले. अनुकंपा तत्त्वावर घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. आत्या थोरली, दहावी पास. बाबा धाकटे, दहावी नापास. आजी म्हणाली, पोरगी काय, उद्या परक्या घरी जाईल. आत्याने ना-हरकत लिहून दिली. बाबांनीही लिहून दिले, की आई आणि बहीण यांचा सांभाळ करीन.

बाबा कामाला चोख होते. त्यांच्या पगारावर मी शिकले, हे मी विसरलेले नाही. आत्या लग्नानंतर चार वर्षांत परत आली आणि पुन्हा माहेरचे नाव लावू लागली. तिला मागच्या पत्र्याच्या खोलीत जागा मिळाली. बाबा त्याला सांभाळ म्हणतात. ती अंगणवाडीत मदतनीस झाली आणि सकाळ-संध्याकाळ घरचा स्वयंपाकही तिचाच. दहावीपर्यंत माझे गणित तिनेच घेतले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, असे पाहुण्यांना सांगताना बाबा तिला चहा आणायला पाठवतात. आज बाबांना पेन्शन आहे. तिला नाही.

६. माझी चूक अशी झाली, की हे सगळे मी रविवारच्या फोनवर, सर्वांसमोर सांगितले. घरात लपवाछपवी नको, हे माझे तत्त्व. बाबांनी पहिला प्रश्न केला, "तुझ्या जागेवर मैत्रेयला घेतील का?"

"बाबा, तो बारावी आहे. डॉक्टरच्या जागेवर कसा घेतील?"

"शिपाई म्हणून तरी."

"इथे जागा मिळत नाही. पैसे मिळतात."

"मग ते त्याच्या नावानं कर."

मैत्रेय मागून म्हणाला, "ताई, मला नको बरं. पण आत्या एवढ्या पैशाचं करणार काय?"

त्यावर आत्या म्हणाली, "आधी पोरीला विचारा रे, बरी हाय का ती."

७. या ठिकाणी आणखी एक कलम होते. आत्याकडून ना-हरकत लिहून घेणाऱ्याचा किवीसेव्हरमधला हिस्सा रद्द व्हावा, आणि तिने सही केलीच तर रक्कम मुलींच्या वसतिगृहाला जावी, असे ते होते. वकीलबाई म्हणाल्या, फार कडक आहे. मी म्हटले, तुम्ही आमचे घर पाहिलेले नाही.

गेल्या आठवड्यात आत्याने शेजारणीच्या फोनवरून फोन केला. तिने असा वेगळा फोन कधी केला नव्हता.

"गौतमी, राजानं कागद आणलाय. मला हरकत नाही म्हणून लिहून दे म्हणतो. म्हणजे पुढं घोळ नको."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, चष्मा सापडंना."

"खरंच सापडत नाही?"

"नाकावर हाय की."

मी हसले. मग तिला ते कलम वाचून दाखवले. तिला आनंद होईल असे मला वाटले होते. तिने ते मला पुन्हा एकदा वाचायला लावले.

"म्हणजे मी सही केली तर माझं जाणार."

"हो. तुला कोणी करायला लावू नये म्हणून."

"तवा आई म्हणली सही कर. आता तू म्हणती करू नको. माझी सही हाय ना, माय? मग मला कोण विचारणार?"

त्यानंतर तिने विचारले, की मी जेवले का, आणि एवढे दमून नोकरी कशाला धरून बसले आहे. मी म्हटले, तुझ्यासाठी. ती म्हणाली, "माझ्यासाठी नोकरीत मरू नको. खोलीवर पत्रा हाय, पाऊस लागत नाही."

८. म्हणून वरचे कलम मी काढले आहे. रक्कम आधी कलावतीआत्याच्या एकटीच्या नावाच्या खात्यात जमा करावी आणि ती जमा झाल्याचे अनुराधाने तिला स्वतः फोन करून सांगावे. तोपर्यंत कोणताही कागद तिच्यापुढे ठेवू नये. पुढे ती रक्कम ठेवील, खर्च करील, की राजाभाऊंना किंवा मैत्रेयला देईल, हे तिने ठरवावे. दिली तर माझी तक्रार नाही. नाही दिली तर कोणी कारण विचारू नये.

९. मी कंत्राट घेतले, तर त्या दिवसापासून कलम ४ मधली रक्कम मिळणार नाही. तसे झाल्यास कलम ३ ऐवजी किवीसेव्हरचा अर्धा भाग आत्याचा आणि उरलेल्या अर्ध्यात बाबा व मैत्रेय समान. कंत्राटाचा अर्ज मी काल दिला आहे. शुक्रवार मोकळा मागितला आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि खालील दोघींच्या देखत सही केली. त्या दोघींना यातून काहीही मिळणार नाही.

ठिकाण: हेन्डरसन, ऑकलंड
दिनांक: १२ ऑगस्ट २०१८

सही: गौतमी राजाभाऊ वाहुळे

साक्षीदार:
१. सुचित्रा दीनानाथ देवस्थळी, गृहिणी, हेन्डरसन
२. विभावरी मोहन राजवाडे, इंजिनिअर, पेनरोज