गोडं पानी

५ जानेवारी, सोमवार

थंडी. थंडीत धूर वर जात नाही, कंपनीच्या डोक्यावरच बसून राहतो. गेटातून शिरले तोच नाकात झणका. म्हटलं झालं, स्क्रबर बंद. धावत गेले तर खरंच पंख्याचा पट्टा तुटलेला आणि रात्रपाळीत कोणालाच पत्ता नाही. म्हणे सगळ्यांना सर्दी! रिअ‍ॅक्टरमधून येणारी आम्लाची वाफ कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुवायची, एवढंच त्या उंच पिंपाचं काम. तेही बघायला नको? खूप ओरडले. नंतर वाईट वाटलं, पण थोडंच.

पट्टा बदलून अकराला सुरू. काशिनाथने पाण्याच्या टाकीजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं, ‘आंबट’. मग कॉस्टिक सोडून, ढवळून, चारच्या सुमाराला पुसून ‘गोडं’.

दुपारी नव्या लोकांचं ट्रेनिंग. परत माझा ठरलेला किस्सा सांगितला. काशिनाथ सहा वर्षांपूर्वी टाकीवर लागला तेव्हा पीएच सात म्हणजे काय ते त्याच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, अरे, आम्ल ते आंबट, अल्कली ते तुरट, दोन्ही नाही ते गोड. झटकन कळलं. तेव्हापासून अख्खी कंपनी तेच बोलते. लोक हसले. मीही. स्वतःच्याच विनोदावर हसायची सवय वाईट.

९ जानेवारी, शुक्रवार

टँकर आजही नाही. प्रक्रिया केलेलं पाणी सगळ्या कंपन्यांच्या सामाईक सांडपाणी प्लांटला नेणारा टँकर. टाकी काठोकाठ भरली. अशा वेळी काशिनाथ माझ्याकडे बघतो, मी भिंतीकडे बघते, मग तो मागचा व्हॉल्व्ह उघडतो. पाणी भिंतीपलीकडच्या नाल्यात. रजिस्टरात: ‘टँकरने पाठवले’. खाली माझी सही.

गोड करून सोडतोय ना, मग कोणाचं काय बिघडतंय? हे दर वेळी मनात म्हणते. दर वेळी म्हणावं लागतं, ह्यातच काय ते...

जाताना काशिनाथने मेथीची जुडी दिली, त्याच्या काकीच्या वाडीतली. आचोळ्याला घरी येऊन निवडत बसले. नितीनने विचारलं, आज गप्प का? नवरा पंचवीस वर्षं मुंबईची नोकरी करतो, घरी आल्यावर कधी काही विचारत नाही, आज नेमकं विचारलंन. म्हटलं, डोकं दुखतंय. खोटं नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

लिहायलाच नको असं वाटतंय. लिहिते.

खात्यात तिळगूळ वाटत होते. काशिनाथ म्हणाला, “मॅडम, आमच्या काकीला पन द्या. ती काय, भितीपल्याडच हाय.” मागच्या दारातून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला.

हिराकाकी साठीच्या पुढची. गुडघ्यापर्यंत लुगडं, हात चिखलाने भरलेले, म्हणून लाडू मीच तोंडात भरवला. म्हणाली, “गोड बोल गो बाय.” मग हसून, “तुमचं पानीच गोडं, बोलनं गोडं असनारच.”

कुठलं पाणी काकी?

“ह्या नाल्याचं. काशिनाथ सांगतो ना मना. आंबट असलं का बोलतो, काकी नको घेव. गोडं सोडलं का बोलतो, घे. मंग मी पंप लावते.”

ती दाखवत होती. “ह्यो मुला बघ. यंदा काय रोग आलाय कलत नाय. माठ तर वरच येत नाय.” मुळ्याची पानं कडेने करपलेली. वाफ्याच्या कडांना पांढरी साय धरलेली. मी वटारच्या बागायतदाराची मुलगी, मला ते लांबून ओळखू यायला हवं होतं. तरी वाकले, बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. केमिस्टने जन्मात करू नये ते केलं.

मीठ.

काकीला म्हटलं, बघते. आणि चक्क पळून आले.

१५ जानेवारी

आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी. आठवीतलं पोरगं सांगेल. मी एम.एस्सी.!

धूर धुतला तो पाण्यात आला. पाणी शांत केलं तर त्याचं मीठ झालं. ते मीठ नाल्यात, नाल्यातून काकीच्या वाफ्यात. आम्ही काही नाहीसं करत नव्हतो, नुसता पत्ता बदलत होतो. क्षारांचा आकडा मी स्वतः महिन्याच्या महिन्याला लिहिते. पण पाणी टँकरने जातंय असंच कागदावर, मग त्या आकड्याकडे कोण ढुंकून बघतंय?

आणि तो शब्द. वसईत गोडं पाणी म्हणजे खारं नव्हे ते पाणी. दुसरा अर्थच नाही. मुलगी द्यायची तर त्या घरची विहीर गोडी की खारी हे आधी विचारायचे. काशिनाथला मी प्रयोगशाळेतलं गोड शिकवलं, त्याने काकीला ते वाडीतलं म्हणून सांगितलं. दोघांनी एकच शब्द वापरला.

जेवणाच्या सुट्टीत त्याला सांगितलं. आधी कळेचना. मग चुन्याच्या गोणीवर खाली बसला. “म्हंजे मीच घातलं तिच्या वाडीत?”

म्हटलं, तू नाही रे, मी.

“मी जपत व्हतो तिला मॅडम. रोज भितीवर चढून सांगत व्हतो.” चाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप. तोंड फिरवून बसला. मला तिथेच रडू आलं. लाज वाटली, इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ती मेथी आम्ही खाल्ली. ती बाई आठवड्यातून दोनदा माणिकपूरला भाजी घेऊन बसते.

१८ जानेवारी, रविवार

वटारला दादाकडे. केळींना पाणी सोडत होता. विचारलं, जमिनीत खारं उतरलं तर जायला किती लागतं? म्हणाला, पुन्हा खारं आलं नाही तर दोन-तीन पावसाळे. भरपूर शेणखत. तरी नशीब.

“कोणाची वाडी?”

काशिनाथच्या काकीची.

“आणि खारं कोणाचं?”

दादा चिडला की आमच्या घरच्या बोलीत शिरतो, मग कोणाच्या बापाला ऐकत नाही. आज चिडला नाही. अगदी शाळेतल्या मास्तरसारखा शुद्ध बोलला. “जयू, उन्हाळ्यात बाबा रोज सकाळी विहिरीचं पाणी चाखून बघायचे. तू शेजारी उभी असायचीस.” त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनीने जेवायला थांबवलं.

२० जानेवारी

धाकट्या शेठना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, हे लिहून ठेवायला हवं. स्क्रबर त्यांनीच बसवला, थोरल्या शेठशी भांडून. मला ‘मॅडम’ म्हणतात, खुर्ची देतात. आजही दिली.

“पीएच सात आहे ना?”

आहे. मीठही आहे.

“नाला काय आपल्या एकट्याचा आहे का?”

ते खरं. रांगेत सगळ्यांचे पाइप. पण म्हणून काय?

मग म्हणाले, त्या बाईंना रोज एक टँकर चांगलं पाणी देऊ, विषय मिटवा. पुढच्या आठवड्यात प्रदूषण बोर्डाचे साहेब येणार, संमतीपत्राचं नूतनीकरण आहे. रजिस्टर आहे तसं राहू दे. चाळीस माणसांची चूल आहे ह्या कंपनीवर, मॅडम.

चाळिसांत काशिनाथ आला. मीही आले.

नितीनला सगळं सांगितलं. म्हणाला, “अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू एकटी काय करणार आहेस?” म्हटलं, माझ्या मुठीत मीठ आहे. तो हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

दोन वाटा आहेत आणि दोन्ही मला माहीत आहेत. सहा वर्षांच्या सह्या आहेत तशा राहू द्यायच्या, काकीला टँकर द्यायचा, तोंड बंद. नाहीतर खरं लिहायचं, मग नोकरी जाईल, कंपनीला टाळंही लागेल, आणि काशिनाथच्या पोरांची शाळा... मला कोणीतरी सांगावं असं वाटतं. पन्नाशी आली तरी कोणीतरी सांगावं असं वाटतंच.

२३ जानेवारी

टँकर नाही. टाकी काठोकाठ.

आज काशिनाथने नुसतं बघितलं नाही, मोठ्याने विचारलं. “मॅडम, काय करू?” सगळ्यांनी ऐकलं.

म्हटलं, बंद ठेव.

मग स्क्रबरच्या पाण्याला जागा नाही, म्हणून रिअ‍ॅक्टर थांबवायला लागला. अर्ध्या तासात धाकट्या शेठचे तीन फोन. उचलले नाहीत. रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: ‘टँकर आला नाही. उत्पादन थांबवले. यापूर्वी टँकर न आल्यास पाणी मागील नाल्यात सोडले जात होते व नोंद टँकरची केली जात होती.’ खाली सही. अक्षर एखाद्या म्हातारीचं आल्यासारखं.

काशिनाथने वाचलं. हळूहळू, अक्षर लावून.

“माजं नाव नाय ह्याच्यात?”

नाही.

“मंग व्हॉल काय आपला आपन उघडला?”

माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही ठोकली. पूर्ण नाव, गाव.

२७ जानेवारी

बोर्डाचे साहेब आले. टेबलावर नवंकोरं रजिस्टर. एकाच शाईत, एकाच हाताने, सगळे दिवस टँकर. माझ्या सहीच्या जागा रिकाम्या, ‘मॅडम तेवढ्या सह्या करून टाका’ म्हणून शेठनी सकाळीच सांगितलं होतं. मी केल्या नव्हत्या.

साहेबांनी पानं उलटली. “मॅडम, सह्या राहिल्यात.”

हे आमचं रजिस्टर नाही, म्हटलं.

शेठ छताकडे बघत होते. मग काशिनाथ उठला, शेठच्या केबिनमध्ये गेला आणि जुनं रजिस्टर घेऊन आला. कोणी अडवलं नाही त्याला. मला वाटतं, अडवायचं कोणाला सुचलंच नाही.

साहेबांनी टाकीचं, नाल्याचं, काकीच्या विहिरीचं पाणी बाटल्यांत घेतलं. प्रत्येक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरली, बरोबर पद्धतीने. मी उगाच तेच बघत उभी. निकाल कधी, विचारलं तर “येईल.”

ते गेल्यावर धाकटे शेठ शांतपणे म्हणाले, “दोघंही उद्यापासून घरी थांबा. कळवतो.” काढलं नाही, ठेवलंही नाही. जाताना म्हणाले, “मी तुमचं काय वाईट केलं होतं, मॅडम?” काही नाही, शेठ. खरंच काही नाही.

२९ जानेवारी

काकीकडे गेले, काशिनाथला घेऊन. सगळं सांगितलं, शब्द माझा होता तेही. ती आरडाओरडा करेल ही तयारी ठेवली होती. ती मुळे उपटत राहिली. बोटाएवढे मुळे, उपटायचे आणि बांधावर फेकायचे.

एक मुळा फेकता फेकता म्हणाली, “तरी मी बोलतच व्हते, पानी गोडं नी मुला कसा जलतो.”

काशिनाथ तिच्या पायाशी बसला होता. त्याच्या डोक्यावरून तिने चिखलाचा हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही.

मग विचारलंन, “नी विहीर? ती त्या सायबानं कशाला बघितली?”

विहीर वाफ्यांपासून दहा पावलांवर. ते तिचं पिण्याचं पाणी. मी म्हटलं, निकाल येईपर्यंत नको पिऊ काकी.

“मंग काय पिऊ?”

शेठचा टँकर अर्थातच आला नाही.

३० जानेवारी

आमच्या सोसायटीत पाणी दिवसाआड. आज आलं. उकळून, गार करून दोन मोठे कॅन भरले. लिफ्ट बंद. नितीनने आज रजा टाकली होती, न सांगता. तो तिसऱ्या मजल्यावरून एकेक करून दोन्ही खाली घेऊन गेला. मधल्या जिन्यावर दम खात म्हणाला, “रोज न्यायचं का?” म्हटलं, निकाल येईपर्यंत. “आणि निकाल वाईट आला तर?” उचल, म्हटलं.

कंपनीकडून फोन नाही. काशिनाथ म्हणाला, रिअ‍ॅक्टर अजून बंदच आहे, लोक गेटावर उभे असतात, त्यातले दोघे त्याच्याशी बोलत नाहीत. सगळ्या पंचक्रोशीला समजलंय. माणिकपूरला काकीची भाजी आज कोणी घेतली नाही म्हणे.

रिक्षाने कॅन नेले. काकी दारातच होती. मी म्हटलं, घरचं आहे, आम्ही हेच पितो, उकळलेलं आहे. बोलतच सुटले, नको तितकं. तिने काही ऐकून घेतलं नाही. झाकण उघडलं, पेला काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला.

“आदी तू पी.”

प्यायले. सगळा पेला. काकी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, आणि पेला परत दिला तरी तिने तो लगेच भरला नाही.