एकतिसावा शब्द

१२ जानेवारी

मुखपृष्ठ पाहिलं. संचालकांच्या टेबलावर उघडंच पडलं होतं — लपवायचीही गरज वाटली नाही! वर ठळक अक्षरात ‘प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह’, मध्ये हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो, खाली त्यांचं नाव. माझं कुठेच नाही. आतले अठराशे तीस शब्द माझे, अर्थ माझे, वाक्यं माझी. चौदा वर्षं या क्लासात शिकवता शिकवता जमवलेली. फोटोतला कोट तेवढा त्यांचा.

विचारायचं म्हणून घसा खाकरला. तेच म्हणाले, “मास्तर, पालक फोटो बघून पुस्तक घेतात. आणि तुम्ही काय, घरचेच!” मग हसत, “तुमचे उच्चार छापून येत नाहीत हे एक बरं.”

मीही हसलो. का हसलो?

१३ जानेवारी

हिला सांगितलं. “देवापुढे तासभर बोलता, त्यातली दोन मिनिटं तिथं बोला की!” पातेलं आदळलं. बरोबरच आहे तिचं.

१६ जानेवारी

गावच्या शाळेत माझं इंग्रजी पाचवीला सुरू झालं. शिकवणाऱ्या गुरुजींनीही इंग्रजी बोलणारा माणूस उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी शब्द डोळ्यांनी शिकलो, कानांनी नाही. म्हणून उच्चार असे. मागच्या बाकावरची पोरं नक्कल करतात, मला ऐकू येतं. ऐकू न आल्यासारखं करून फळ्याकडे वळतो.

पण अर्थ माझा कधी चुकला नाही. आणि शब्दकोशातलं वाक्य मी कधी उतरवून दिलं नाही. परक्याच्या वाक्यात शब्द रुजत नाही, असं माझं मत. ‘रेटिसेंट’ला लिहिलं — माझे वडील इतके मितभाषी, की तहान लागली तर नुसते पाण्याच्या भांड्याकडे बघत बसायचे. ‘मेटिक्युलस’ला आई — चादरीची घडी घालताना काठाला काठ जुळेपर्यंत हात न काढणारी. एका कागदावर तीस शब्द. असे एकसष्ट कागद.

दोघंही आता नाहीत. आणि आता त्या फोटोखाली विकायला निघालेत.

१९ जानेवारी

आज एक काम केलं.

संचालक पुस्तक करतायत ते ऑफिसातल्या फाइलवरून. वर्गाला दिलेला प्रत्येक कागद त्या फाइलीत जातो. शेवटचा, एकसष्टावा, अजून द्यायचा होता. त्यात तिसाच्या जागी एकतीस शब्द लिहिले. एकतिसावा जगात कुठेच नाही. मी बनवला. ‘टॅसिव्हेंट’ — खरं माहीत असून गप्प राहणारा. ऐकायला अगदी खानदानी वाटतो!

प्रकाशनाच्या दिवशी सगळ्या पालकांसमोर उभा राहीन. म्हणेन, साहेब, हा शब्द कुठून घेतलात तेवढं सांगा. सांगता येणार नाही. मग मी सांगेन.

हिला बोललो नाही.

२० जानेवारी

प्रार्थनेला बसलो, मन लागेना. देवाला म्हटलं, चोर पकडायला जाळं टाकलंय, पाप नव्हे. तो काही बोलला नाही. तोही टॅसिव्हेंट!

२७ जानेवारी

एकसष्टावा कागद शिकवला. शिकवावाच लागला — एक शब्द गाळला असता तर पोरांनी विचारलं असतं, आणि इथली गोष्ट ऑफिसात पोचायला वेळ लागत नाही.

एकतिसाव्याशी आलो तेव्हा फळ्याकडे तोंड करून अर्थ सांगितला. मग नेहमीसारखं म्हटलं, “आपापलं वाक्य करा.” इस्त्रीवाल्याची मुलगी उभी राहिली. चाळीस जणांत हीच एक, जिची वाक्यं मी घरी जाऊन हिला वाचून दाखवतो. म्हणाली, “माझे वडील टॅसिव्हेंट आहेत. शर्टाला भोक आधीपासून होतं हे त्यांना माहीत होतं, पण गिऱ्हाईक ओरडत राहिलं आणि ते गप्प राहिले.”

मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करून तिच्याकडे बघायला लागले.

खोट्या शब्दाला इतकं खरं वाक्य! मी “छान” म्हटलं आणि फळा पुसायला लागलो. फळा कोराच होता.

९ फेब्रुवारी

प्रकाशन झालं. हॉल भरला होता. मी शेवटून दुसऱ्या रांगेत, मांडीवर पुस्तक. भाषणं चालू असताना एकसष्टावा भाग काढला. तीस शब्द. पुन्हा मोजले. तीसच.

आई आहे. वडील आहेत. तो नाही.

उभा राहिलो — तेव्हा टाळ्यांसाठी सगळेच उभे राहिले होते.

१० फेब्रुवारी

संचालकांनी स्वतःच विषय काढला. “अहो मास्तर, शेवटच्या कागदात एक भलताच शब्द घुसला होता. आम्ही एका प्राध्यापकबाईंना तपासायला दिलं होतं सगळं, त्यांनी काढून टाकला.” खांद्यावर हात ठेवला. “होतं असं. वय झालं की होतं.”

चोरानं माल तपासून घेतला. मी तेवढंही केलं नसतं त्याच्या जागी.

आता वर्गाला सांगायला हवं, की तो शब्द खोडा. पण का, ते काय सांगू? चुकला म्हणू? एवढी एकच गोष्ट आहे माझ्याजवळ, की मी अर्थात चुकत नाही. मागच्या बाकावर तर दिवाळं निघेल माझं. उद्या बघू.

११ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी

आजही नाही. विसरले असतील पोरं. कोण लक्षात ठेवतं?

२१ फेब्रुवारी

इस्त्रीवाल्याची मुलगी क्लास सुटल्यावर थांबली. परवा तिची शिष्यवृत्तीची मुलाखत होती. मोठं कॉलेज, राहणं-खाणं सगळं त्यांचं. ती मिळाली तरच ही पुढे शिकणार. नाहीतर बापाशेजारी दुसरी इस्त्री, हे ठरलेलं.

“सर, अर्जासोबतच्या निबंधात मी माझ्या वडिलांवर लिहिलं होतं. तुमचा तो शब्द घातला होता.”

मी खुर्चीचा हात धरला.

“तिथल्या मॅडमनी विचारलं, हा कुठून आणला? मी म्हटलं, आमच्या सरांनी शिकवला. मग ते सगळे एकमेकांकडे बघून हसले. एक जण म्हणाले, असा शब्दच नाही. मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, बाळ, चुकलं असेल, सोडून दे. मी म्हटलं, आमचे सर चुकत नाहीत.” मग चेहरा पाडून, “जास्त बोलले का हो, सर?”

“नाही,” मी म्हटलं. एवढंच म्हटलं! तोंडात सगळं आलं होतं. दारापर्यंत सोडायला गेलो, जिन्यातून खाली जाताना तिची वेणी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो, आणि गप्प राहिलो.

त्या खोलीत एकटी उभी राहून माझ्यासाठी भांडली. मला चौदा वर्षांत माझ्यासाठी एकदाही भांडता आलं नाही.

२ मार्च

यादी लागली. तिचं नाव नाही.

त्या एका शब्दानं गेलं, की कशानं, कोणाला विचारू? हिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. वाटलं पातेलं आदळेल. आदळलं नाही. हातातलं हळूच खाली ठेवलं. मग म्हणाली, “तुम्ही त्या माणसाला पकडायला लेकरांच्या ताटात कालवलंत ते?”

आज प्रार्थनेला बसलो नाही. काय तोंड घेऊन बसू?

३ मार्च

इस्त्रीच्या दुकानावर गेलो. बाप कोळसा आणायला गेला होता, ती एकटीच होती. तिथेच उभ्यानं सांगून टाकलं — शब्द खोटा होता, मी बनवला होता, का बनवला होता.

तिनं हातातली इस्त्री बाजूला ठेवली. “शब्दकोशात नव्हता, सर. मी निबंधाच्या आधीच बघितलं होतं.” मग, “मला वाटलं, शब्दकोशवाल्यांकडूनच राहून गेला असेल.”